रोड बाइकचा टायर: आधी रुंदी, मग कापड, मग जाडी

वाचकाचं पत्र : मी अमळनेरला राहतो. वय ४४, वजन ७८ किलो. अॅल्युमिनियमची रोड बाइक आहे, ७०० बाय २५चे (२५ मिलिमीटर रुंद) टायर, साधे कॅलिपर ब्रेक. रोज पहाटे पारोळ्याच्या रस्त्याने जातो, रविवारी चोपड्याकडे किंवा धुळ्यापर्यंत. दिवाळीपासून दोन महिन्यांत सात पंक्चर झाले. रस्ता इतका खडबडीत लागतो की घरी येईपर्यंत मनगटं बधिर होतात. दुकानदार म्हणतो, सगळ्यात जाड टायर घ्या आणि आत प्लॅस्टिकची पट्टी टाका. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, २३चा टायर लावून १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भर, सायकल पळेल आणि पंक्चरही कमी होतील. येत्या हंगामात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. आराम मिळेल आणि टिकेलही, असा टायर कोणता?

भाऊ, नमस्कार.

मित्राचं ऐकू नका. दुकानदाराचं अर्धं ऐका. पण टायर विकत घेण्याआधी एक काम करा. त्या सात पंक्चरच्या ट्यूब घरात पडल्या असतील तर बाहेर काढा आणि प्रत्येकीला भोक नेमकं कुठे आहे ते बघा. टायर बदलून कोणतं पंक्चर थांबेल आणि कोणतं थांबणार नाही, हे त्यावरूनच कळतं.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, एकच बारीक भोक असेल तर काटा, काच किंवा तार. एकमेकांशेजारी दोन लहान चिरा असतील तर खड्ड्यात रिम टायरवर आपटली आणि ट्यूब मधे चिमटली. म्हणजे हवा कमी होती किंवा टायर अरुंद होता. भोक आतल्या अंगाला, स्पोकच्या बाजूला असेल तर टायरचा काहीच दोष नाही. दोष रिमटेपचा, म्हणजे रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीचा. स्वस्त रबरी किंवा पातळ प्लॅस्टिकची रिमटेप आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडते, स्पोकच्या भोकांवरून सरकते, आणि भरलेली ट्यूब त्या भोकात फुगून धारेवर कापली जाते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे हा प्रकार नेहमीचा. नवा टायर चढवताना रिमटेपही बदला. चिकट पाठीची कापडी टेप घ्या, रिमच्या आतल्या रुंदीला पुरेल एवढी, आणि व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून खेचून बसवा. भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर पंप लावताना-काढताना व्हॉल्व्ह हलतो, किंवा त्याची चकती पान्याने आवळलेली असते. ती बोटांनी जेमतेम टेकवायची.

तुमचे पंक्चर दिवाळीनंतरचे आहेत, म्हणून माझा पहिला संशय सराट्यांवर जातो. सराट्याचा वेल पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पसरतो आणि पाऊस सरल्यावर त्याची फळं वाळून सुटतात. फळ फुटलं की प्रत्येक फाकीला टणक काटे, आणि फाकी कशीही पडली तरी एखादा काटा वर असतोच. हा काटा आखूड असतो. वरच्या रबराखाली चांगला संरक्षक पट्टा असलेला टायर तो बऱ्याचदा अडवतो. बाभळीचं तसं नाही. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या जातात आणि गळालेले काटे डांबरावर राहतात. कोवळ्या बाभळीचा दोन इंची काटा टायरखाली उभा सापडला तर रोड बाइकचा कोणताही टायर त्याला थांबवत नाही. जाड टायर विकणारा काहीही सांगो. तिसरा शत्रू महामार्गाच्या कडेला असतो: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली पोलादी तार. ती केसाएवढी बारीक असते, रबरात रुतून बसते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी आत सरकते. हवा सावकाश जाते, पंक्चर काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण तार टायरमध्येच असते.

आता टायर. खरेदी करताना तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात, त्या वेगळ्या करून बघू. आराम येतो टायरच्या रुंदीतून, आतल्या कापडाच्या लवचिकपणातून आणि हवेच्या दाबातून. काट्यापासून बचाव होतो तो वरच्या रबराखाली टाकलेल्या पट्ट्याने. आणि किती हजार किलोमीटर चालेल हे ठरतं वरच्या रबराच्या जाडीवर आणि मिश्रणावर. दुकानात ‘जाड टायर’ म्हणून जे देतात त्यात बहुतेक वेळा सगळंच जाड असतं: रबर, पट्टा आणि बाजूच्या भिंतीही. बाजूची भिंत जाड झाली की टायर वाकत नाही, खडी थेट हातात येते. तुमच्या मनगटांचं दुखणं त्याने वाढेल.

रुंदीपासून सुरुवात करा. २५वरून २८वर जा. तीन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हवेचा साठा सुमारे पाव पटीने वाढतो आणि तेवढाच भार कमी दाबावर पेलता येतो. जे व्यावसायिक शर्यतपटू एकेकाळी २३ वापरत, ते आज २८ किंवा त्याहून रुंद टायरवर आहेत. गुळगुळीत डांबरावर दाब वाढवला की टायर थोडा सोपा फिरतो, हे मित्राचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पण गावागावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर वर बारीक खडी असते. तिथे १२० पीएसआयचा टायर खडीवर वाकत नाही, उडतो. प्रत्येक उडीत सायकल आणि माणूस वर उचलला जातो, आणि ती ताकद तुमच्या पायांतूनच जाते. मनगटं बधिर होतात तीही त्यामुळेच. शिवाय टणक टायर काट्याला मागे सरकू देत नाही, त्याच्यावर सगळा दाब एका बिंदूत देतो. जास्त हवेने पंक्चर कमी होत नाहीत. खड्ड्यातली चिमट तेवढी टळते, आणि तीही २८च्या टायरमध्ये बेताच्या हवेवर टळते.

२८ तुमच्या सायकलमध्ये बसेल का, हे मात्र विकत घेण्याआधी तपासा. कॅलिपर ब्रेक असलेल्या जुन्या फ्रेममध्ये जागा मोजकी असते. आत्ताचा टायर हवा भरून चाक सरळ बसवा आणि अॅलन की घ्या. ६ मिलिमीटरची की टायरचा माथा आणि ब्रेक यांच्यामधून, तसंच पुढे फोर्कच्या माथ्याखालून मोकळी गेली पाहिजे. दोन्ही बाजूंना, फोर्कच्या पायांजवळ आणि मागे पेडलच्या बाजूच्या नळ्यांजवळ, ५ची की गेली पाहिजे. एवढी जागा असेल तर २८ चढवूनही तीन-साडेतीन मिलिमीटर उरतात. त्याहून कमी उरवू नका. आपली काळी माती ओली झाली की टायरला लिंपून बसते आणि त्या फटीत चाक अडकवते. एखादा खडा तिथे सापडला तर फ्रेमला चर पाडतो. पुढे २८ बसतो आणि मागे नाही, असंही होतं. तसं असेल तर पुढे २८, मागे २५. हाताला आराम पुढच्याच टायरने मिळतो.

अजून एक: टायरवर लिहिलेली रुंदी आणि खरी रुंदी यात फरक पडतो. तुमच्या रिमची आतली रुंदी १७ किंवा त्याहून कमी असेल तर २८चा टायर २८च्या आसपास भरेल. आतली रुंदी २१ असेल तर तोच ३०च्या जवळ जाईल. टायरच्या बाजूला २८-६२२ असा आकडा असतो. त्यातला ६२२ हा रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास, तो जुळलाच पाहिजे. रिमवर सहसा ६२२x१७ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा आतल्या रुंदीचा.

मग कापड. टायरच्या वर्णनात टीपीआय लिहितात, म्हणजे एका इंचात किती धागे. धागे जास्त म्हणजे ते बारीक, मधलं रबर कमी, टायर लवचिक. पण हा आकडा बघताना फसगत होते. कॉन्टिनेंटल तीन पदरांची बेरीज लिहिते: ३३० म्हणजे ११०चे तीन पदर, १८० म्हणजे ६०चे तीन. दुसऱ्या कंपनीच्या १२०शी त्याची थेट तुलना करू नका. सर्वांत लवचिक टायर आजही सुती कापडाचे असतात. व्हिटोरियाच्या कोर्सा टायरमध्ये ३२०चं सूत आहे. कापसाच्या मुलखातल्या माणसाला आवडावी अशी गोष्ट, पण रोजच्या वापराला आपल्याकडे तो टायर घेऊ नका. सुती भिंत खडीने सोलते, ओल धरते, आणि एका कापाने महागडा टायर निकामी होतो. नायलॉनच्या कापडात एका पदराला ११० ते १५०च्या आसपासचा टायर तुमच्या कामाचा.

पट्ट्याबद्दल नाव घेऊन सांगतो, म्हणजे दुकानात मागता येईल. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन तुम्हाला सगळे सुचवतील. त्याच्या माथ्याखाली पट्टा आणि भिंतींवर वेगळं जाळीदार कवच असतं. काप आणि घासटी चांगली सोसतो, पण १८०च्या कापडामुळे कडक लागतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड बेताची, अशी बहुतेकांची तक्रार आहे. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तर माथ्याखाली ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक थर आहे. सराटा, काच यांना तो जवळजवळ दाद देत नाही. पण वजन रेसिंग टायरच्या दुपटीहून जास्त, आणि फिरतो तो जड. सामान लादून दूर जाणाऱ्याला तो योग्य. पहाटे दीड-दोन तास मोकळं पळणाऱ्याला त्याची शिक्षा कशाला?

तुमच्यासाठी मधला रस्ता आहे: माथ्याखाली पूर्ण रुंदीचा पट्टा, पण भिंती लवचिक. कॉन्टिनेंटलचा ग्रँड प्री फोर सीझन याच जातीचा आहे, ३३०चं कापड आणि व्हेक्ट्रन या चिवट धाग्याचा दुहेरी पट्टा. व्हिटोरियाचा रुबिनो प्रो आणि श्वाल्बेचा ड्युरानो हेही जवळपासचे. खर्च कमी ठेवायचा असेल तर कॉन्टिनेंटलचा अल्ट्रा स्पोर्ट २८ मध्ये घ्या. त्यात वेगळा पट्टा जवळजवळ नाहीच, पण रबर चिवट आहे आणि महागड्या टायरच्या निम्म्याहून कमी पैशांत येतो. हातात एका टायरचेच पैसे असतील तर चांगला टायर मागे घाला. मागच्या चाकावर वजन जास्त, झीज साधारण दुप्पट, आणि पंक्चरही बहुतेक तिथेच.

नक्षीकडे बघून टायर निवडू नका. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, त्यामुळे पाणी आपोआप बाजूला जातं. डांबरावर बिननक्षीचा टायर पावसातही धरतो. पकड रबराच्या मिश्रणातून येते.

दुकानदाराने सुचवलेली प्लॅस्टिकची पट्टी टाकू नका. ती सराटे अडवते हे खरं, पण टायरचा लवचिकपणा मारते, आणि तिच्या दोन्ही टोकांच्या धारा ट्यूबवर घासून काही महिन्यांनी तिथेच भोक पाडतात. त्यापेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर या सराट्याच्या दिवसांत ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा द्रव, घाला. त्यासाठी व्हॉल्व्हचा गाभा फिरवून निघणारी ट्यूब हवी. गाभा काढून ३० मिलिलिटर सीलंट भरा, चाक फिरवून घ्या. आखूड काट्याची भोकं त्याने बुजतात. ७५ पीएसआयला भोक बुजायच्या आधी थोडी हवा जाते, तेवढी पंपाने भरून पुढे निघता येतं. हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर सीलंट पंपात येतं. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर वाळतं, उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत बघावं लागतं. पूर्ण ट्यूबलेस करायचं तर रिमही तशी लागते. तुमच्या सायकलला तो खर्च आत्ता नको. पुढे कधी हुकलेस रिमचं (टायर अडकवणारी आतली वळलेली कड नसलेल्या रिमचं) चाक घेतलंत, तर तिथे ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडली तर टायर रिमवरून निघू शकतो.

हवा किती? तुमचं वजन, सायकल, बाटल्या मिळून ९० किलो धरतो. २८च्या टायरला मागे ७५, पुढे ६८पासून सुरू करा. हातांना अजून मार बसत असेल तर पुढून ३ पीएसआय कमी करा, आणि असं तीन-तीनने उतरत जा. वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम टेकल्याचा ठक् आवाज आला की पुन्हा ३ वाढवा. तो तुमचा आकडा, तो सायकलच्या फ्रेमवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. २५वरच राहावं लागलं तर मागे ९०, पुढे ८०. टायरवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, शिफारस नाही. गेज असलेला उभा पंप घरी ठेवा आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हवा बघा. अंगठ्याने दाबून ६० आणि ८० यातला फरक कळत नाही.

उन्हात हवा फुगून टायर फुटतो, ही भीती तुमच्याकडेही असेल. हिशेब सांगतो. पहाटे २८ अंशाला ७५ भरली आणि दुपारी टायरमधली हवा ४५ अंशाला गेली तर दाब सुमारे ८० होतो. तापलेल्या डांबरावर ६० अंशाला गेली तरी ८५च्या आत. एवढ्याने धड टायर फुटत नाही. फुटतो तो बहुधा बसवतानाच्या चुकीने: ट्यूबचा थोडा भाग टायरच्या कडेखाली दबलेला असतो आणि दाब वाढला की कड रिमवरून उचलली जाते.

म्हणून बसवताना घाई करू नका. ट्यूबमध्ये ती गोल होईल एवढीच हवा भरा. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हपाशी आणा, म्हणजे पुढच्या पंक्चरला ट्यूबवरच्या भोकावरून टायरवरची जागा लगेच सापडेल. दुसरी कड चढवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. चढवलेली कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, म्हणजे शेवटचा भाग अंगठ्यांनी जातो, लिव्हर लागत नाही. लिव्हरने चढवलेल्या टायरमध्ये नव्या कोऱ्या ट्यूबला चिमटा बसणं फार सोपं असतं. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, आणि पूर्ण चाकभर टायर दोन्ही बाजूंनी दाबून बघा, ट्यूब कुठे डोकावते का. ३० पीएसआय भरून चाक फिरवा. टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की मगच पुढची हवा.

पंक्चरच्या वेळी टायरच्या आतून बोट फिरवण्याची सवय सोडा. बाभळीच्या काट्याचं टोक बोटात मोडतं. त्याऐवजी कापसाचा बोळा घ्या, सरकीतून काढलेला असाच कापूस उत्तम. टायरच्या आतून दोन्ही दिशांनी फिरवा. दिसत नाही अशा तारेला आणि काट्याच्या टोकाला तंतू अडकतात, जागा सापडते. काटा बाहेरून ओढून निघत नसेल तर चिमट्याने, नाहीतर आतून सुईच्या टोकाने मागे ढकला. पॅच लावताना सोल्युशन ओलं असतानाच पॅच चिकटवतात, ती चूक. पॉलिश पेपरने ट्यूब मळकट काळी होईपर्यंत घासा, शिवण असेल तर सपाट करा, पातळ सोल्युशन लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच ठेवून जोरात दाबा.

रोज घरी आल्यावर ओल्या फडक्याने टायर पुसत चाक एकदा फिरवायला एक मिनिट लागतं. रुतलेली काच आणि सराटे तेव्हाच काढले तर पट्ट्यापर्यंत पोचत नाहीत. पावसाळ्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण ओलं रबर सहज कापलं जातं. महामार्गावर कडेच्या पट्टीच्या अगदी बाहेरच्या टोकाला जाऊ नका, सगळी काच आणि तारा तिथेच साठतात. पांढऱ्या रेघेच्या आत, तिच्यापासून फूटभर अंतराचा भाग गाड्यांच्या वाऱ्याने झाडलेला असतो.

टायर कधी टाकायचा? माथा चपटा दिसू लागला, कापडाचे धागे दिसले, भिंतीला फुगवटा आला किंवा बोटाचं नख आत जाईल एवढा काप पडला की लगेच. कॉन्टिनेंटलच्या टायरवर झिजेसाठी दोन बारीक खळगे असतात, ते नाहीसे झाले म्हणजे संपला. मागचा झिजलेला टायर पुढे कधीही लावू नका. पुढचा फुटला तर सायकल सावरत नाही. दोन्ही टायर एकाच जातीचे असतील तर नवा पुढे घाला, पुढचा मागे न्या. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा इन्व्हर्टर-मोटरच्या शेजारी ठेवू नका. ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटरीतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

ब्रेव्हेचं तेवढं सांगून थांबतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, दोन पंक्चर सहज सोसता येतात, पण वाटेत तुमची गाडी मागे नसते. नवे टायर आदल्या आठवड्यात चढवू नका. निदान ३०० किलोमीटर चालवून घ्या, म्हणजे बसवण्यातली चूक घराजवळच कळेल. सोबत दोन ट्यूब, सहा पॅच, सोल्युशनची न फोडलेली ट्यूब, दोन लिव्हर, छोटा चिमटा, कापसाचा बोळा, हातपंप. टायर कापला गेला तर आतून लावायला जुन्या टायरच्या भिंतीचा दोन इंची तुकडा. आणि प्रेस्टा व्हॉल्व्हला (रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसारखं तोंड देणारा छोटा पितळी अॅडाप्टर, तो विसरू नका. गावातल्या पंक्चरच्या दुकानात प्रेस्टाला बसणारं तोंड सहसा नसतं. कॉम्प्रेसरने भरून घेताना पाइप स्वतःच्या हातात घ्या आणि क्षणभर दाबून सोडा, परत दाबा. ट्रकच्या टायरला मिनिटं लागतात तिथे तुमचा टायर दोन सेकंदांत मर्यादेपलीकडे जातो.